उंदीरवाले मास्तर आणि मी गाळलेला शब्द

उंदरांना पोटभर मावा जिलेबी खाऊ घालून त्यांची अहोजाहो चौकशी करणारा माणूस साऱ्या बऱ्हाणपुरात एकच : आमच्या शेजारचे शास्त्र शिकवणारे मास्तर. राज्यांच्या सीमा ठरायच्या होत्या, आपण महाराष्ट्रात जाणार की नाही यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते, मी चौकाचौकांत पत्रकं वाटत होते, आणि हे गृहस्थ मागच्या पडवीत सोनाराच्या तराजूवर पांढरे उंदीर तोलत बसलेले! हलवाई विचारी, "क्या मास्तर, आज भी पाहुणे?" मास्तर गंभीरपणे सांगत, "हो, वीस जण. दहा पुरुष, दहा बायका." एकदा मी निवेदनावर सही मागायला गेले, तर म्हणाले, "थांब पोरी, सात नंबरचे साहेब जेवताहेत." असा संताप आला!

पण खुळेपणा वरवरचा. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, साखरेचा आजार जडला तेव्हापासून हा खटाटोप होता. निम्म्या उंदरांना जिलेबी, निम्म्यांना ज्वारी. मग प्रत्येकाच्या कानाला सुई टोचायची आणि जखम कशी भरते ते वहीत लिहायचं. जिलेबीने नर-माद्या सारखेच फुगले. जखमा मात्र नरांच्याच चिघळल्या. "रोगाशी लढणारी फौज असते अंगात," मास्तर म्हणाले, "गोड खाऊन नरांची फौज घरातल्यांवरच लाठ्या चालवते. माद्यांची ताळ्यावर राहते. पण तरुण माद्यांची हं! पिल्लं व्हायची थांबली की त्यांचंही नरांसारखंच. आणि हे उंदरांचं आहे, माणसांचं म्हणू नकोस."

मी नेमकं तेच म्हटलं. बायकांना दुबळ्या म्हणणाऱ्या, त्यांना उरलंसुरलं वाढणाऱ्या गावाच्या तोंडावर मारायला असं हत्यार पुन्हा कुठे मिळणार? अटी घातल्या की पत्रकाची धार जाते, हे मी शिकले होते. 'तरुण' शब्द गाळला. मथळा छापला : 'मादी नरापेक्षा चिवट! शास्त्राचा निर्वाळा!'

सगळ्यांत खूश झाल्या काकू. साठीला टेकलेल्या. पत्रक देवघराशेजारी चिकटवून मास्तरांना सुनावत, "वाचलंत? आता तुम्हीच जपा स्वतःला!" मास्तरांनी दोनदा समजावलं. "छापलंय ते खोटं का?" म्हणून काकूंनी त्यांनाच गप्प केलं. पुढे नवी चप्पल चावली, पायाला जखम झाली, तर ती त्यांनी लुगड्याच्या घोळात दडवली. बाईच्या जातीचं आपोआप भरतं, नाही का? मास्तरांना वास आला तेव्हा पाऊल काळं पडलं होतं. खंडव्याला नेलं. पाऊल काढावं लागलं.

मास्तर माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. पत्रक तेवढं परत आलं, वर्गातल्या वहीसारखं तपासून. मथळ्यात लाल शाईची खूण आणि वर 'तरुण'.

आता आपण मध्य प्रदेशातच राहिलो आहोत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या हरलेल्या लढाईचं मला एवढं वाटत नाही. मी पत्रक दुरुस्त करून पुन्हा लिहिलं, सगळ्या अटींसकट, आणि मास्तरांना दाखवलं. "छाप," ते म्हणाले, "पण आधी तिला वाचून दाखव."

काकू पडवीत बाजेवर होत्या. सात नंबरचे साहेब त्यांच्या ओंजळीत ज्वारी खात होते. मी वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खरं असेल गं," त्या म्हणाल्या, "पण पहिलं जास्त छान होतं."