चुरीभाऊंचे रुमाल

सोमवार, १२ मे १९५८. उकाडा फार. साहेबांनी चुरीभाऊंना शनिवारपर्यंतची मुदत दिली. दुपारी दोन पत्रे टाइप केली. माझ्या डायरीत त्या दिवशी एवढेच आहे.

वासुदेव चुरी आमच्या डहाणूच्या मामलेदार कचेरीत रेकॉर्ड क्लार्क होते, मी टायपिस्ट. किडकिडीत अंगाचे, नाकाला फडके बांधून वावरणारे हे गृहस्थ. गावोगावचे कागद लाल कापडात बांधून ठेवलेले असत. त्या गाठोड्याला रुमाल म्हणायचे. कोणत्या गावाचा रुमाल कुठे, हे चुरीभाऊ डोळे मिटून सांगत.

कपाटे गच्च भरली, म्हणून साहेबांनी नवी कपाटे पडवीत लावायचे ठरवले. चुरीभाऊंना ते सहन होईना. तलासरीकडची माणसे भाकरी बांधून येत आणि नाव पुकारेपर्यंत त्याच पडवीत बसत. बाहेर सावलीला एक झाड नव्हते.

"साहेब, मी इथंच जागा करतो," ते म्हणाले.

"शनिवारी दिसली नाही, तर सोमवारी सुतार येईल."

तीन दिवस त्यांनी मुदत संपलेले कागद निवडले आणि परसात जाळले. गुरुवारी साहेबांनी डोकावून पाहिले. "काय हो, धूर तर पुष्कळ झाला. कपाट आहे तसंच!"

खरेच होते. प्रत्येक रुमाल निम्मा रिकामा झाला, पण जागचा हलला नव्हता. एक गाव, एक रुमाल, हा आमच्याकडचा जुना रिवाज.

लक्ष्या शिपायाने एक रुमाल दाबून पाहिला. "भाऊ, आत कागद थोडा, वाराच जास्त. वाऱ्याला कपाट कशाला?"

"मग काय सरावली आणि चारोटी एकत्र बांधू? उद्या मलाच सापडायचं नाही!"

"भाऊ, तुम्ही बांधा," मी म्हटले. "गाव, रुमाल, खण, अशी यादी मी टाइप करते. कपाटाच्या दारावरच लावू."

चुरीभाऊंनी एक रुमाल पुढे ओढला. मग त्यांनी स्वतःच पहिली गाठ सोडली. शनिवारी दुपारपर्यंत एकशे दहा रुमालांचे चौसष्ट झाले. दोन कपाटे मोकळी झाली.

"कागद सापडला, तर खरं," साहेब म्हणाले. अच्छाडची जानीबाई जमिनीच्या फेरफाराच्या नकलेसाठी आलीच होती. चुरीभाऊ सवयीने जुन्या खणाकडे धावले. तिथे नुसती धूळ!

"भाऊ, दारावर बघा!" लक्ष्या ओरडला.

चुरीभाऊंनी यादीवर बोट फिरवले, पाचव्या खणातला रुमाल काढला आणि कागद साहेबांपुढे धरला. फडक्याआड ते हसत होते.

"लक्ष्या, सुताराला नको म्हणून सांग," साहेब म्हणाले.

जानीबाईने नक्कल पदरात बांधली आणि पुन्हा पडवीतच बसली. "ऊन उतरल्यावर जाईन," म्हणाली, आणि टोपलीतले ताडगोळे आम्हाला वाटले.

त्या संध्याकाळी मी डायरीत लिहिले: ताडगोळे सहा मिळाले. त्यातले दोन जून निघाले.