पूजेला बसलेली डिस्क

सिन्नरहून सातपूरला पोचेपर्यंत गोरक्ष सानप रोज पाच-सहा जणांवर चिडून घ्यायचा. आधी खड्ड्यांवर, मग खड्डे चुकवणाऱ्या रिक्षांवर, आणि रिक्षा आडव्या आल्या नाहीत तर स्वतःच्या मोटरसायकलवर. कंपनीच्या फाटकात शिरताना इंजिन आणि तो सारखेच तापलेले असत. आतले लोक त्याचा राग हवामानासारखा विचारत. "आज कसंय?" "गडगडतंय." मग त्या दिवशी त्याच्याकडे पासवर्ड मागायला कुणी फिरकत नसे.

कंपनी शीतगृहांचे कंट्रोल पॅनेल बनवायची. पॅनेलच्या पोटातलं सॉफ्टवेअर मात्र गोरक्षच्या सर्व्हरवर तयार व्हायचं. पोरांनी कोड आत टाकायचा. सर्व्हरने तो दळायचा, चाळायचा, त्याचं पॅकेज बांधायचं आणि गिऱ्हाइकांच्या पॅनेलवर धाडायचं. पिठाची गिरणीच म्हणा ना. ही गिरणी गोरक्षने जुने सुटे भाग जमवून स्वतःच्या हाताने उभी केली होती. बायकोबद्दल कुणी वावगं बोललं तर तो एक वेळ ऐकून घेई, कारण मैना स्वतःचं बघून घ्यायला समर्थ होती. सर्व्हरला तोंड नव्हतं, म्हणून त्याच्या वतीने गोरक्ष भांडायचा.

मालक अमोलशेठना सर्व्हर भाड्याने घ्यायचा होता. "सगळे तेच करतात. आपणच कशाला हे धूड पोसायचं?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर तिसऱ्या व्हर्जनवर अडकलं होतं, आणि नव्या पॅनेलची पॅकेजेस त्यावर बनेनात. गोरक्षने सुरक्षितता सांगितली, वेग सांगितला, इंटरनेट गेलं तरी काम थांबत नाही हेही सांगितलं. शेठ फोनमध्ये बघत म्हणाले, "दसऱ्याला पाचव्या व्हर्जनवर आणून दाखव. नाही जमलं, तर हा भंगारात."

भंगार हा शब्द ऐकून गोरक्ष दोन दिवस नीट जेवला नाही.

त्याने मुहूर्त धरला खंडेनवमीचा. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा, सगळी यंत्रं बंद, पोरं घरी. सर्व्हरला त्रास द्यायला कुणी नाही. सकाळी तो कामाला बसला, तोच झाडलोट करणाऱ्या झुंबरबाई दारात उभ्या राहिल्या. अमोलशेठच्या वडिलांच्या काळापासून त्या इथे होत्या, आणि शेठनाही झाडू लागेल म्हणून बाजूला सरकायला लावत.

"गोरक्षभाऊ, आज मशीन बंद ठेवत्यात."

"मावशी, हे मशीन नाही."

"मग काय हाय?"

"सर्व्हर आहे."

"घुरघुरतंय ना? मग मशीनच."

गोरक्ष पुन्हा स्क्रीनकडे वळला. डेटाबेसचा, म्हणजे सगळ्या जुन्या नोंदींचा, बॅकअप एका डिस्कवर घेतला, डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि टपरीवर चहा घेऊन आला. आल्या आल्या अपग्रेड सुरू केलं. जुन्या नोंदी नव्या साच्यात शिरू लागल्या आणि अर्ध्यावर अडकल्या. आता जुनं व्हर्जन चालेना, नवं उठेना. गोरक्षने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या आणि डिस्कसाठी हात लांबवला. टेबल रिकामं होतं.

त्याने खण उपसले, पंख्याला शिव्या दिल्या आणि तणतणत खाली कारखान्यात गेला. तिथे चौरंगावर लाल कापड, त्यावर हातोडे, पाने, व्हर्नियर मांडलेले. मधोमध हळद-कुंकू लावलेली, डोक्यावर झेंडूचं फूल घेतलेली त्याची डिस्क.

"ही इथं कुणी आणली?"

"म्यां," झुंबरबाई म्हणाल्या. "समद्यांची हत्यारं आली. तुमच्या टेबलावर एवढंच घावलं. तुमचंच हत्यार बिनपूजेचं ठेवायचं व्हय?"

"मला विचारायचं नाही?"

"इचारलं असतं तर दिलं असतं का?"

"आणा ती इकडे."

"आता उद्या. पूजेला बसलेलं हत्यार आज उचलत नाय."

"मावशी, माझा सर्व्हर वर मरून पडलाय."

"पडू द्या. त्यालाबी सुट्टी."

गोरक्षचा आवाज चढला. अडाणीपणा, अंधश्रद्धा, कंपनीचं वाटोळं, सगळं बोलून झालं. झुंबरबाई शांतपणे वाती वळत होत्या. डिस्क हाताच्या अंतरावर होती. कुणी अडवणार नव्हतं. त्याने हात पुढे केला आणि तो फुलापाशीच थांबला. घरी सिन्नरला या दिवशी वडिलांनी पूजेतला विळा कधी हलवला नव्हता, गाय दोर तोडून मक्यात शिरली तरी. आपण हे काही मानत नाही, असं गोरक्ष चारचौघांत ठणकावून सांगे. हाताला कुणी सांगितलं नव्हतं. तो हातावरही चिडला आणि वर गेला.

करायला काहीच नव्हतं, म्हणून त्याने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहायला घेतलं. त्यांची चूक शब्दाशब्दाने दाखवता यावी म्हणून सूचनांचं पान उघडलं. ते त्याने पहिल्यांदाच वाचलं. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं: तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर जाऊ नये, आधी चौथं व्हर्जन घालावं, नोंदी त्यात बसवाव्यात, मग पुढे जावं. डिस्क हाती लागली असती, तर त्याने तीच उडी पुन्हा मारली असती, पहिल्यापेक्षा जास्त जोरात. पत्र तसंच राहिलं. चिडायला माणूस उरला नाही की गोरक्षचं डोकं दुखायचं. ते दुखू लागलं.

दसऱ्याच्या सकाळी झुंबरबाईंनी उत्तरपूजा करून डिस्क त्याच्या हातात दिली. त्याने खाचेतलं कुंकू पुसलं, जुन्या नोंदी परत आणल्या, चौथं व्हर्जन घातलं, मग पाचवं. दुपारी नव्या पॅनेलचं पहिलं पॅकेज बाहेर पडलं.

अमोलशेठ आले. गोरक्ष भाड्याच्या सर्व्हरविरुद्धचे सगळे मुद्दे पुन्हा मांडायला छाती भरून उभा राहिला.

"झुंबरमावशींनी सांगितलं मला," शेठ म्हणाले. "काल बंद पडला होता, पूजेनंतर चालू झाला. खरं का?"

गोरक्षचे कान लाल झाले. नाही म्हणावं, तर दुसऱ्या परिच्छेदाचं सांगावं लागणार.

"हो," तो म्हणाला.

"मग राहू दे आपलाच. भाड्याच्या सर्व्हरची पूजा कुठे करायची?"

शेठ पेढा देऊन निघून गेले. गोरक्षने तो रागारागाने चावून खाल्ला.