बाहेरच्या लेनमधली मुलगी किती पुढे?

मागच्या महिन्यात जळगावला, गणित शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझी चांगलीच जिरली... आणि त्याचा आनंद झाला, म्हणून लिहितेय.

मी मुक्ताईनगरच्या एका शाळेत अठरा वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते. शेजारच्या खुर्चीवर शिंदखेड्याकडचे एक सर होते, मूळ पीटीचे. शाळेत गणिताची जागा रिकामी, म्हणून यंदा आठवीचं गणित त्यांच्या गळ्यात पडलेलं.

सकाळीच त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, हा π म्हणजे नेमकं काय असतं?" मी म्हणाले, "सर, सूत्रात बावीस छेद सात टाकायचं, बास." त्यांनी मुकाट्याने वहीत लिहून घेतलं.

दुपारी प्रशिक्षक ताईंनी एक गणित दिलं. गोल मैदानावर दोन मुली धावताहेत, दुसरी पहिलीच्या एक मीटर बाहेरून. दोघींना एका फेरीत सारखंच अंतर पडायला हवं, तर बाहेरचीला किती पुढे उभं करायचं?

मी लगेच हात वर केला. "ताई, माहिती अपुरी आहे. त्रिज्या दिलेली नाही." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. ताई नुसत्या हसल्या, "बघा तरी..." म्हणाल्या.

कोणी त्रिज्या तीस मीटर धरली, कोणी पन्नास. सरांनी मात्र पेनच उघडलं नव्हतं. माझ्याकडे वाकून म्हणाले, "मॅडम, सवासहा मीटर."

"कशावरून?"

"चौदा वर्षं तेवढंच पुढे उभं करतोय. ग्राउंड धाकलं राहो का मोठं, अंतर तितलंच शे."

मला पटेना. मोठ्या मैदानाला जास्त लागणारच ना! खरं सांगायचं तर त्यांना चूक ठरवायलाच मी कागद ओढला. बाहेरचा परीघ, वजा आतला परीघ... आणि माझ्या डोळ्यांदेखत त्रिज्या उडाली. उरलं फक्त दोन π, म्हणजे सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांश.

त्रिज्या लागतच नव्हती. हे सूत्र मी किती वर्षं फळ्यावर लिहितेय...

क्षणभर वाटलं, आपणच जाऊन मांडावं. कोणाला कळणार होतं? पण मग स्वतःचीच लाज वाटली. मी मोठ्याने म्हणाले, "ताई, सरांना आलंय."

सर घाबरलेच. "नको मॅडम, माले मांडता येत नही."

"तुम्ही सांगा, मी लिहिते."

आम्ही दोघं फळ्यापाशी गेलो. सरांनी ट्रॅक काढला, शिट्टी वाजायच्या आधी पोरींना कसं उभं करतात ते सांगितलं. मी खाली दोन ओळी लिहिल्या.

जागेवर आल्यावरही ते त्या दोन ओळींकडेच बघत होते. म्हणाले, "करत होतो, पण का ते आज समजलं."

चहाच्या वेळी मी सकाळच्या उत्तराबद्दल त्यांची माफी मागितली. मग एक दोरा कपाच्या काठाभोवती गुंडाळला, तोच कपाच्या तोंडावर मधोमध आडवा धरून मोजायला लावला. तीनदा मावला, वर थोडा उरला. "हा तुमचा π," म्हटलं. सर लहान मुलासारखे हसले!

आता दर शनिवारी आम्ही एकमेकांना एक गणित पाठवतो. परवा त्यांनी कबड्डीच्या मैदानावरचं पाठवलंय... मला अजून सुटलेलं नाही. खूप वर्षांनी असं अडून बसायला मिळालंय. सर, मनापासून आभार.