वीस तारखेखाली बारा

रजिस्टर पुढे केलं की बाई ते उघडायच्याच नाहीत. मिटलेल्या रजिस्टरवर आपला चष्मा काढून ठेवायच्या आणि विचारायच्या, "केलं ते कळलं. झालं काय?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासमोर आपली सगळी धावपळ उगीचच वाटायला लागते. आमच्या बाई तशा होत्या. आधी शाळेत विज्ञान शिकवायच्या, मग आरोग्य खात्यात आल्या. हिवतापाची मोहीम जोरात होती त्या वर्षांत त्या आम्हाला मूल्यमापन शिकवायला ठाण्याहून एसटीने यायच्या. पायात कॅनव्हासचे बूट, नेसूची सुती साडी घोट्याच्या वर, काखेत छत्री. तेव्हा इथे शहर कुठलं आलंय! करावे, बेलापूरपासून वर वाशीपर्यंत खाडी, भातखाचरं, मिठागरं आणि मधून मधून आगरी-कोळ्यांची गावं.

वर्गात पुढे डॉक्टर, रक्त तपासणारे तंत्रज्ञ, सॅनिटरी इन्स्पेक्टर आणि मागच्या बाकावर आम्ही घरोघर फिरणारे. पहिल्याच दिवशी बाईंनी चहा मागवला. डॉक्टरांच्या कपात दोन चमचे साखर घातली, ढवळली नाही आणि कप पुढे सरकवला. डॉक्टरांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"अहो, अगोड आहे."

"असं कसं? दोन चमचे घातल्याची नोंद आहे माझ्याकडे."

सगळा वर्ग हसला. डॉक्टरही हसले, पण जरा उशिरा. शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना बाई अहो-जाहो करायच्या, आणि सगळ्यांची फिरकीही सारखीच घ्यायच्या.

तपासणीला कुठल्या वस्तीत जायचं हे त्या स्वतः ठरवत नसत. वस्त्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून एका टवके उडालेल्या पांढऱ्या मगात टाकायच्या आणि डोळे मिटून एक काढायच्या. "रस्त्याकडेचं घर सगळ्यांनाच सापडतं हो," म्हणायच्या. "चिठ्ठी निघाली की जायचं. मग पाऊस असो, चिखल असो."

आता माझं काम सांगतो. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, ताप कुणाला आहे का विचारायचं, असेल त्याच्या बोटातून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. घरात दाराशेजारच्या भिंतीवर गेरूची चौकट छापलेली असे, तिच्यात त्या दिवशीची तारीख टाकून सही करायची. एवढंच. माझ्या वाट्याच्या गावांत खाडीपलीकडे मिठागराच्या कडेला सात झोपड्यांची एक वस्ती होती. ओहोटी बघून जायचं, गुडघाभर चिखल तुडवायचा आणि "ताप नाय" हे ऐकून परत यायचं. वर्षभर मी नेमाने गेलो. मग दोन महिन्यांतून एकदा जायला लागलो. गेलो की चार तारखा लिहून टाकायचो, एक त्या दिवशीची आणि तीन पुढच्या. रजिस्टरात शून्य, भिंतीवर सही. आळस होता तो. उगाच दुसरं नाव कशाला देऊ?

एका फेरीला त्याच वस्तीची चिठ्ठी निघाली. नेमकी भरती होती, होडीवाला जागेवर नव्हता. मी म्हटलं, "बाई, तिथे काही नाही. वर्षभर शून्य आहे. दुसरी काढा ना."

बाईंनी खाडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. परतीची एसटी एकच होती. त्यांनी ती चिठ्ठी मगात परत टाकली आणि दुसरी काढली. मला हुश्श झालं.

सहा महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. ही फेरी महत्त्वाची होती. हिवताप संपला म्हणून बाईंनी सही केली की आमच्या टापूतली डीडीटीची फवारणी कायमची थांबणार होती. डॉक्टर खुशीत होते. बाईंनी मगात हात घातला, आणि तीच वस्ती निघाली. या वेळी ओहोटी होती. मी काही बोलायच्या आत बाई साडी खोचून चालायला लागल्या होत्या.

चिखलातून जाताना मी मनाशी एकच घोकत होतो, सणासुदीला बायका घरं सारवतात, एव्हाना भिंत सारवलेली असू दे.

पहिल्या झोपडीत एक बाई होती, माझ्याहून थोडी मोठी. मला बघून म्हणाली, "या भाऊ. लय दिवसांनी." आणि पाणी आणायला वळली.

"राहू द्या पाणी," बाई म्हणाल्या. "घरात ताप कुणाला आहे?"

"आता कोनाला नाय. मालकाला होता. एक दिवस आड थंडी वाजून यायचा. मंग सुदच नाय राहिली." तिने हाताने छपराकडे दाखवलं. "मयना नाय झाला अजून. तेरावं झालं तवा समदं घर सारवलं."

खरंच सगळं सारवलेलं होतं. डीडीटीचा पांढरा थर शेणामातीखाली गेला होता. फक्त दाराशेजारी वीतभर जागा कोरडी ठेवली होती. तिच्यात गेरूची चौकट होती आणि चौकटीत माझ्या तारखा, माझ्या सह्या. एकही अक्षर पुसट झालेलं नव्हतं.

"एवढं का ठेवलंत?" बाईंनी विचारलं.

"सरकारी हाय ना ते. पुसलं तर या भावाची नोकरी जायची."

बाईंनी चष्मा लावला. चौकट वाचली. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "आज किती तारीख?"

"बारा."

भिंतीवरची शेवटची तारीख त्याच महिन्याची वीस होती.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन्सिल काढली आणि माझ्या वीसखाली बारा लिहून सही केली. मी ओल्या बोटाने वीस पुसायला गेलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. यांनी जपलंय ते. वीसला या. मीही येते."

त्यांनी सातही घरांतलं रक्त मला घ्यायला लावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आत काही हलतच नव्हतं, आणि आज इतक्या वर्षांनी तो दिवस आठवला की अजूनही हलत नाही. लोकांना पश्चात्ताप होतो म्हणतात. मला नुसता तो चिखल आठवतो, पायाला लागलेला, गार.

दोन काचपट्ट्यांवर हिवतापाचे जंतू निघाले.

अहवाल पाठवायच्या आधी बाईंनी मला बोलावून वाचून दाखवला. 'या वस्तीत फेऱ्या झालेल्या नाहीत. तापाने एक मृत्यू, रक्त तपासलेले नाही. मागील तपासणीत हीच वस्ती चिठ्ठीत निघाली होती. भरतीमुळे मी ती चिठ्ठी परत टाकून दुसरी काढली. फवारणी थांबवू नये.'

"बाई, चिठ्ठीचं कशाला लिहिलंत? कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला आहे. मला आहे."

"दुसरी काढा असं मी म्हटलं होतं."

"काढली मी ना?"

"आणि माझं नाव?"

त्यांनी अहवाल मिटला, त्यावर चष्मा ठेवला. "विचारतील तेव्हा तुमचं तुम्ही सांगा."

कुणी विचारलंच नाही. वरच्या लोकांनी अहवालात तेवढी चिठ्ठीची ओळ पकडली. जी बाई स्वतःच नियम मोडते तिच्या तपासणीवर विश्वास कसा ठेवायचा, असं म्हणाले. दोन काचपट्ट्यांपुढे मात्र त्यांचं काही चालेना, म्हणून फवारणी चालू राहिली. आठवड्याच्या आत बाईंना मूल्यमापनातून काढून लांबच्या जिल्ह्यात टाकलं. डॉक्टरांनी वर्गात हे सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. तोंड उघडायला एवढा वेळ होता, पण मी गप्प बसलो. नोकरी राहिली. त्याच नोकरीवर पुढे पेन्शनही मिळालं. बाई नंतर कुठे गेल्या, आहेत की नाहीत, मी कधी चौकशी केली नाही.

वीस तारखेला मात्र मी गेलो. ओहोटी धरून, एकटाच. सातही घरं केली. पहिल्या झोपडीतली ती दारातच बसून जाळं दुरुस्त करत होती. माझ्या मागे चिखलाच्या वाटेकडे बघत म्हणाली, "बाय नाय आल्या? येते बोलल्या होत्या."

"त्यांची बदली झाली."

"का वो? चांगल्या होत्या."

मी आत जाऊन सवयीने पेन्सिल काढली आणि चौकटीसमोर उभा राहिलो. ती मागून आली. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"लिवा की भाऊ. आज आलात ना तुमी?"

"लिहिलेलं आहे," मी म्हणालो.