मी 'सोर'च वाचलं होतं

आधीच सांगतो, आमचं घर बौद्ध. देव, भविष्यवाणी, चमत्कार... यातलं काही मी मानत नाही. आजही नाही. तरी हे कुठंतरी लिहून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो. शेजारी सुशीला सिस्टर — रिटायर्ड नर्स, ख्रिश्चन. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, म्हणून ड्युटीवरून आलो की मी त्यांना बायबल वाचून दाखवायचो. गेल्या उन्हाळ्यात सोर नावाच्या शहराचा भाग आला. समुद्राकाठचं, व्यापारानं गब्बर झालेलं शहर. त्याला गर्व चढतो आणि देव त्याच्यावर पाणी चढवतो, असं काहीतरी. मी वाचत होतो, तेवढ्यात सिस्टरनी हात वर केला.

"बाबू, मधातच प्रकाशच्या वैभवनगरीचं नाव कायले घेऊन राहिला?"

"मी सोरच वाचलं, सिस्टर."

चहा घेऊन आलेली माझी बायको दारातच थबकली होती. "नाही जी... तुम्ही वैभवनगरीच म्हटलं. मी बी ऐकलं."

प्रकाशदादा माझा मावसभाऊ. वैनगंगेकाठी त्यानं वैभवनगरी नावाचा बंगल्यांचा लेआउट पाडला — भली मोठी कमान, कारंजं, स्वतःचा बंगला अगदी पाण्याकडं. गृहप्रवेशाला चारचौघांत म्हणाला होता, "नदी बी आता मले विचारून वाहते!"

मी हसण्यावारी न्यायला बघितलं, पण झोप लागेना. शेवटी जाऊन दादाला सांगितलं.

"जळून राहिला का बे?" तो हसला. वहिनी मात्र हसल्या नाहीत. पावसाळा लागताच लेकरं घेऊन माहेरी, बपेऱ्याला गेल्या.

ऑगस्टमध्ये नदी चढली. भर दुपारी, बघता बघता. दादाला गच्चीवरून नावेनं काढलं. पाणी ओसरलं तेव्हा खालच्या खोलीत लेकरांचे पलंग गाळात उलटे पडले होते.

वहिनींनी रडत फोन केला, आभार मानले. दादाला भेटायला गेलो तर तो अंगावरच आला. "तुह्याच तोंडानं झालं हे! तू बोलला नसता त..."

तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

योगायोग म्हणा. नदीकाठ आहे, पूर येणारच. पण दोघींनी एकच नाव ऐकलं, ते कसं? आणि माझ्या तोंडून ते कोण बोललं? सिस्टर अजून बोलावतात. जातो, बसतो... वाचत नाही. हल्ली लेकीला हाक मारायची असली, तरी तिचं नाव आधी मनात एकदा म्हणून बघतो.