सूचक पाहिजे

मागच्या वर्षी मी नऊ मतांनी पडले, आणि तेही जगाच्या निवडणुकीत. मोबाइलवर पुस्तकं वाचायचं एक मोफत ॲप आहे. देशोदेशीचे लोक ते बिनपगारी, हौसेनं तयार करतात. त्यातल्या बटणांची, सूचनांची मराठी लिहिणाऱ्यांपैकी मी एक, टेंभुर्णीत बसून. या लोकांचं एक मंडळ आहे. जागा सात, आणि सातही जण युरोप-अमेरिकेचे. त्यामुळे आपली जोडाक्षरं तुटतात ही तक्रार तीन वर्षं तशीच पडून. त्या मंडळात आपल्याकडचं एक तरी माणूस बसवायचंच, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं.

यंदा पुन्हा उभी राहतेय म्हणून सासऱ्यांना, म्हणजे मामांना सांगितलं. मामांनी जन्मभर ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या निवडणुका खेळवल्या, स्वतः कधीच उभे न राहता. घरात मात्र बोलणं बेताचं. भाजी आवडली तर दुसऱ्यांदा वाढून घेतात, तेवढंच काय ते कौतुक.

"यादी पाह्यली का?" त्यांनी विचारलं.

"कसली?"

"मतदारांची. इलेक्शन मतदानाच्या दिवशी होत न्हाई, बाई. यादीतच होतं."

मी यादी मोठ्या अक्षरांत छापून आणली. मामा लाल पेन घेऊन बसले.

"मराठीचं काम किती जण करतेत?"

"अकरा."

"अन् यादीत दोघं? बाकीचे कुठं गेले?"

मी हिंदी, बंगाली, नेपाळी, तमिळ, सगळं धुंडाळलं. सगळीकडे तीच गत. काम करणारे ढीगभर, पण मत फक्त सभासदाला. आणि सभासद व्हायचा अर्जच कुणी केला नव्हता! म्हणजे मतं होती, नुसती यादीबाहेर उभी होती. मला इतका आनंद झाला की चुलीवरचा चहा उतू गेला तरी मी फोनच लावत होते.

पंधरा दिवसांत सगळ्यांकडून अर्ज भरून घेतले, आणि बहुतेक सगळे नामंजूर होऊन परत आले. अर्जात एक रकाना होता: तुम्ही काय काम केलं? भोकरदनच्या एका गुरुजींनी निम्मं ॲप मराठीत आणलेलं. त्यांनी लिहिलं, खारीचा वाटा. काठमांडूच्या एका बाईंनी लिहिलं, विशेष काही नाही. तिकडच्या लोकांनी ते खरं मानलं. मी कपाळावर हात मारला आणि गुरुजींना फोन केला.

"आपणच आपली बढाई मारायची?" गुरुजी म्हणाले. "बराबर न्हाई दिसत ते."

मामा ऐकत होते. म्हणाले, "मंग सूचक पाहिजे. सोसायटीच्या अर्जावर बी उमेदवाराचं नाव दुसराच सुचवतो ना? एकानं दुसऱ्याचं लिहायचं."

झालं! गुरुजींनी परभणीच्या पोराचं लिहिलं, त्यानं गुरुजींचं. नेपाळी, बंगाली मंडळींनीही तेच केलं. पानंच्या पानं आली. दुसऱ्याची तारीफ करायला आपली माणसं मुळीच कंजूष नाहीत. अर्ज भराभर मंजूर झाले आणि मी घरभर नाचले.

राहिला माझ्या उमेदवारीचा मजकूर. मी लिहिलं, भाषांतरात थोडीफार मदत करते. मामांनी वाचून दाखवायला लावलं.

"खोड ते. मी सांगतो, लिही," ते म्हणाले, आणि भिंतीकडे बघत सांगू लागले. "ही माझी सून. दुपारचं काम आटपलं की रोज बसती. मला वाटायचं, टाइमपास करून राह्यली. माझी नजर अधू झाली अन् वाचणं सुटल्तं. एक दिवस त्या ॲपात मराठीत लिहेल दिसलं, 'अक्षर मोठं करा'. दाबलं. तव्हापासून रोज वाचतो. ते हिनंच लिहेल हाय, हे मला ठाऊक हाय."

माझी बोटं थांबली. या घरात येऊन अकरा वर्षं झाली, पण हे मला कधी कळलं नव्हतं. डोळे भरून आले आणि पडद्यावरचं काही दिसेना.

"थांबली का? जल्दी लिही," मामा म्हणाले.

एक शब्द न बदलता मी त्याचं इंग्रजी करून पाठवलं.

निकाल लागला तेव्हा सातांत माझं नाव चौथं होतं. मी किंचाळलेच. मामांनी टोपी घातली, चपला सरकवल्या आणि बाहेर पडले. चौकातल्या चहाच्या हॉटेलापुढे कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलं, आणि त्यांचा खणखणीत आवाज पार आमच्या दारापर्यंत आला.

"बिनविरोध न्हाई! लढून आली माझी सून!"