शांताचं नाव

आजवर हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं कळत नाही.

आमच्या बेटावरच्या पितों गावच्या शाळेत मी शिक्षक होतो, आणि रविवारी देवळात मुलांना मराठी शिकवायचो. गावात सगळे गुरुजी म्हणत. माझी बायको शांता लग्नाआधी क्युरपिप शहरात एका शिवणाच्या दुकानात कामाला होती. दुकानामागच्या खोलीत चार-पाच क्रेओल, म्हणजे आफ्रिकी-मिश्र वंशाची पोरं वाजवत बसायची — ऱ्हिदम अँड ब्लूजच, पण गिटार पाण्याखालून यावी तशी, ऑर्गन गरगरत राहायचा. सायकेडेलिक म्हणायचे त्याला. त्यांनी एकदा शांताला गुणगुणताना ऐकलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची तबकडी निघाली, आणि तिच्यातलं एक गाणं शांतानं म्हटलं, मराठीत. बापाच्या धाकानं नाव मात्र छापू दिलं नाही.

लग्नानंतर आठवड्याभरात तिनं ती तबकडी स्वतःच माझ्या हातात दिली. काही लपवलं नाही. मी छान म्हणालो... आणि पुन्हा तो विषय काढला नाही. का? लोक काय म्हणतील, हे तर होतंच. पण खरं सांगू? त्या गाण्यात ती मध्येच हसते. तसं ती माझ्या घरात कधी हसली नव्हती.

ऐंशीच्या दशकात, पुढे कधीतरी, एक फ्रेंच माणूस दारात आला. तोवर ती तबकडी परदेशात शौकीन लोक शोधत फिरत होते म्हणे. मूळ टेप सापडली होती. ती नव्या यंत्रावर साफ करून पुन्हा काढायची होती. वाजवणाऱ्यांची नावं मिळाली, फक्त गाणारी मिळेना. बँडवाल्यांना एवढंच आठवत होतं — मराठी मुलगी, लग्न होऊन पितोंकडे गेली. मराठी घरं सगळी गुरुजींना माहीत, म्हणून तो माझ्याकडे आला. नाव आणि फोटो छापायचा होता त्याला.

त्याच महिन्यात देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष निवडायचा होता. माझं नाव पुढे होतं.

"अशी कुणी इथे नाही," मी म्हणालो.

शांता आत चहा करत होती. आमच्या घराच्या भिंती पत्र्याच्या — तिला ऐकू गेलं नसेल, असं कसं म्हणू? ती चहा घेऊन बाहेर आली. त्या माणसानं अदबीनं तिलाही विचारलं, "मादाम, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी मान खाली घातली.

"नाय," ती म्हणाली. "मला काय ठाव."

मी खोटं बोललो हे एक. पण तिचं नाव मी तिच्याच तोंडून पुसून घेतलं — हे मी कुणापुढे कसं सांगणार होतो?

मी अध्यक्ष झालो. वर्षभरानं पोस्टानं एक कॅसेट आली, सोबत मदतीबद्दल आभाराची चिठ्ठी. कव्हरवर सगळ्यांची नावं होती. शेवटी: स्त्री-स्वर, अज्ञात.

शांता फ्लाकच्या बाजाराला गेली होती. मी कॅसेट लावली. किती लख्ख आवाज! जुन्या तबकडीत ती वाद्यांमागे कुठेतरी असायची. आता समोर बसून गात होती. ओळ सुरू करण्याआधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता.

वळून पाहिलं तर ती दारात उभी. हातात भाजीची टोपली तशीच. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

मी कॅसेट बंद करायला घाईनं हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली. "माझी ओळ आता येतेय."

मी बंद केली.